ताळा जुळला पाहिजे





या पानावर आम्ही एरवी निकाल, स्नेहसंमेलन, नव्या वर्गखोल्या यांबद्दल लिहितो. या वेळी एका प्रश्नाबद्दल लिहितो आहोत. तो प्रश्न अकरावीच्या एका मुलीने विचारला आणि आम्ही त्याला जे उत्तर दिले त्याची आम्हाला अजून लाज वाटते.

भौतिकशास्त्राचे शिक्षक रजेवर असल्यामुळे त्या दिवशी तास आम्ही घेतला. फुगा लोकरीवर घासून भिंतीला चिकटवण्याचा नेहमीचा प्रयोग झाला. मुले हसली, टाळ्या पिटल्या. तेवढ्यात मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, फुग्यावर जे इलेक्ट्रॉन आले त्यांचं वजन सोडून द्या. पण नुसत्या विजेचं वजन असतं का?" वर्गात हशा पिकला. आम्ही घड्याळाकडे पाहिले आणि म्हणालो, "हे अभ्यासक्रमात नाही. परीक्षेत येणार नाही." मुलगी खाली बसली.

खरी गोष्ट अशी होती की उत्तर आम्हाला ठाऊक नव्हते. ते का ठाऊक नव्हते, हेही सांगायला हवे. आम्ही हिंदी माध्यमातून बी.एससी. झालो. घरी मराठी, पुस्तकात हिंदी. घरात 'आवेशात येऊ नकोस' म्हणून दटावले जाई आणि हिंदी पुस्तकात आवेश म्हणजे विद्युत भार! आपल्या 'वस्तुमाना'ला तिकडे 'द्रव्यमान' म्हणायचे. याची सवय होते, त्याने काही बिघडत नाही. बिघडले ते दुसऱ्याच गोष्टीने. सापेक्षतेचा धडा आला तेव्हा आमच्या एका प्राध्यापकांनी सल्ला दिला की हिंदीवाल्यांनी या भानगडीत पडू नये, या प्रश्नाला पर्याय असतो, तो सोडवावा. आम्ही तो सल्ला मानला. पर्यायी प्रश्न सोडवला, पास झालो, शिक्षक झालो, पुढे प्राचार्यही झालो. पस्तीस वर्षांपूर्वी सोडून दिलेला तो प्रश्न फुग्याच्या रूपाने पुन्हा दारात येऊन उभा राहिला.

पुढचे पंधरा दिवस आम्ही रात्री पुस्तके काढून बसलो. उत्तर मिळाले, आणि त्याबरोबर एक गोष्टही मिळाली. ती गोष्ट आज सर्वांना सांगायची आहे, कारण येत्या महिन्यात विश्वस्त मंडळासमोर जो ठराव येणार आहे त्याच्याशी तिचा जवळचा संबंध आहे.

आधी उत्तर. होय, विजेला वजन असते. विद्युत क्षेत्रात ऊर्जा साठलेली असते आणि जिथे ऊर्जा तिथे गुरुत्वाकर्षण, असे आइनस्टाइनचा सिद्धांत सांगतो. दहा सेंटिमीटर त्रिज्येच्या फुग्यावर एक मायक्रोकूलॉम भार आहे असे धरा. त्याच्या क्षेत्रातली ऊर्जा येते सुमारे ०.०४५ ज्यूल. तिला प्रकाशवेगाच्या वर्गाने भागा. एका ग्रॅमचे वीस कोटी कोटी भाग केले तर त्यांतला एक, एवढे वस्तुमान निघते. कोणत्याही तराजूला ते कळणार नाही, पण ते शून्य नाही. अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांनी हा हिशेब वहीत करून ताळा पाहावा. आमची चूक निघाली तर आम्हाला आनंदच होईल.

आता गोष्ट. आइनस्टाइनने १९१५ च्या नोव्हेंबरात गुरुत्वाकर्षणाची समीकरणे मांडली. ती दहा आहेत आणि दोरा गुंतावा तशी एकमेकांत गुंतलेली आहेत. वस्तू अवकाश-काळाला वाकवते, वाकलेला अवकाश-काळ वस्तूला वाट दाखवतो, त्यामुळे एकाचे उत्तर दुसऱ्याच्या उत्तराशिवाय सापडत नाही. त्यात मॅक्सवेलची वीज आणि चुंबकत्वाची समीकरणे मिसळली की गुंता आणखी वाढतो. विजेची ऊर्जा अवकाश वाकवते आणि त्या वाकलेल्या अवकाशातच विजेला पसरावे लागते. स्वतः आइनस्टाइनने बुध ग्रहाच्या कक्षेतला शतकाला ४३ विकलांचा फरक काढून दाखवला, पण तो अंदाजी पद्धतीने, लहान पदे सोडून देऊन. समीकरणांची तंतोतंत उकल इतक्यात कोणाला सापडेल असे त्याला वाटले नव्हते.

ती सापडली महिन्याभरात, आणि तीही युद्धआघाडीवर. कार्ल श्वार्ट्सशिल्ड हा जर्मन खगोलशास्त्रज्ञ पहिल्या महायुद्धात सैन्यात दाखल झाला होता. १९१५ च्या डिसेंबरात त्याने आघाडीवरून आइनस्टाइनला पत्र पाठवले. एका गोल ताऱ्याभोवतीचा अवकाश-काळ कसा असेल, याची पूर्ण उकल त्यात होती. एकही पद सोडलेले नव्हते. पुढच्या मे महिन्यात तो आजाराने वारला, वयाच्या ४२ व्या वर्षी.

मग विजेची पाळी आली. १९१६ साली हान्स राइसनर या विमानविद्येत काम करणाऱ्या जर्मन अभियंत्याने आणि १९१८ साली फिनलंडच्या गुन्नार नॉर्डस्ट्रॉमने विद्युत भार असलेल्या गोळ्याची उकल काढली. आमच्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे खरे घर हेच. या उकलीत एक सुंदर गोष्ट दिसते. गोळ्याच्या एकूण वस्तुमानाचा काही वाटा त्याच्या आत नसून बाहेर पसरलेल्या विद्युत क्षेत्रात असतो. आपण गोळ्याच्या जवळ गेलो की तो वाटा आपल्या पाठीमागे राहतो, म्हणून भार नसलेल्या तेवढ्याच वस्तुमानाच्या गोळ्यापेक्षा ओढ किंचित कमी भरते. विजेला वजन आहे, एवढेच नव्हे तर ते वजन कुठे ठेवले आहे तेही समीकरण सांगते.

यापुढचे पान आपल्या देशातले आहे. १९४७ साली सुधांशू दत्त मजुमदार या बंगाली संशोधकाने एक उकल छापली. त्याच वर्षी डब्लिनमध्ये काम करणाऱ्या अकिलीस पापापेट्रू या ग्रीक संशोधकानेही ती स्वतंत्रपणे काढली. कल्पना अशी की प्रत्येक वस्तूवर नेमका एवढाच एकसारखा विद्युत भार ठेवायचा की गुरुत्वाची ओढ आणि विजेचा रेटा बरोबर फिटावा. मग अशा दोन, दहा, शंभर वस्तू कुठेही ठेवा, त्या जागच्या हलणार नाहीत. त्यासाठी भार फार लागतो असेही नाही. दोन प्रोटॉनांमधला विजेचा रेटा त्यांच्या गुरुत्वाच्या ओढीपेक्षा १ वर ३६ शून्ये इतक्या पटीने मोठा असतो. म्हणून १ वर १८ शून्ये इतके कण असतील तर त्यांत एकाच कणावरचा भार जास्त असला तरी तोल साधतो. इतका नाजूक तोल निसर्गात कुठे सापडावा? खरे तारे विजेच्या दृष्टीने जवळजवळ उदासीन असतात. त्यामुळे ही उकल पंचवीस वर्षे कागदावरच राहिली. १९७२ साली जेम्स हार्टल आणि स्टीफन हॉकिंग यांनी दाखवून दिले की मजुमदारांची उकल म्हणजे अनेक भारित कृष्णविवरे शेजारी शेजारी स्थिर असण्याचे चित्र आहे. त्या उकलीवर आजही काम होते.

आणि आता बनारस. कोल्हापूरला जन्मलेले विष्णु वासुदेव नारळीकर केंब्रिजला शिकून १९३२ साली मालवीयजींच्या बोलावण्यावरून काशी हिंदू विश्वविद्यालयात गणिताचे प्रमुख झाले. १९४२ मध्ये प्रल्हाद चुनीलाल वैद्य हे चोविशीतले गुजराती शिक्षक पत्नी आणि लहानग्या मुलीला घेऊन, साठवलेल्या पैशांवर राहून, त्यांच्याकडे शिकायला आले. प्रश्न साधाच होता. श्वार्ट्सशिल्डचा तारा प्रकाश देत नाही, पण सूर्य तर देतो. प्रकाश देता देता ताऱ्याचे वस्तुमान घटते, मग त्याच्याभोवतीचा अवकाश-काळ कसा असेल? वैद्यांनी १९४३ साली त्याची तंतोतंत उकल छापली. आज जगभरच्या पुस्तकांत ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. १९७० मध्ये वैद्यांनी ब्रिटिश गणिती विल्यम बॉनर यांच्यासोबत तीच उकल विद्युत भार बाहेर टाकणाऱ्या ताऱ्यासाठी पूर्ण केली. आणखी एक गोष्ट आम्हाला मोलाची वाटते. हे वैद्य पुढे गुजरात विद्यापीठाचे कुलगुरू झाले, पण गणितावर गुजरातीतून लिहिणे त्यांनी सोडले नाही आणि 'सुगणितम्' हे गुजराती गणित नियतकालिक त्यांनीच सुरू केले.

नारळीकरांच्या घरी मराठी होती आणि मुलांच्या शाळेत हिंदी, म्हणजे आपल्या घरांसारखेच. थोरले चिरंजीव जयंतराव पुढे जगप्रसिद्ध झाले, पुण्यात 'आयुका' उभारली, मराठीत विज्ञानकथा लिहिल्या. २०२५ च्या मे महिन्यात ते गेले. त्यांनी सांगितलेली बनारसच्या घरातली एक आठवण पालकांनी जरूर ध्यानात ठेवावी. घरात फळा होता. त्यांचे मामा मोरेश्वर हुजूरबाजार त्या फळ्यावर छोट्या जयंतासाठी एक अवघड गणित लिहून ठेवीत. ते सुटेपर्यंत फळ्यावरच राही. कोणी घाई करीत नसे, उत्तर सांगूनही टाकत नसे.

मित्रहो, या सर्व उकलींमध्ये एक गुण समान आहे. तो आपल्या प्राथमिक शाळेतल्या बाईंनीच आपल्याला शिकवला होता. भागाकार झाला की त्या म्हणत, "ताळा पाहा." तंतोतंत उकल म्हणजे ताळा जुळणारी उकल. ती मूळ समीकरणात परत ठेवा, दोन्ही बाजू सारख्या येतात. 'जवळपास' नाही, पर्याय (अ) किंवा (ब) नाही, बाहेरचा परीक्षकही लागत नाही. बनारसमध्ये काढलेले उत्तर बरोबर की चूक, हे ठरवायला केंब्रिजचा शिक्का लागत नाही. साधनांचा तुटवडा असलेल्या देशात, इंग्रजी दुसरी-तिसरी भाषा असलेल्या माणसांना या विषयात जगाच्या बरोबरीने उभे राहता आले, त्याचे एक कारण हेही असावे असे आम्हाला वाटते. लागला तो कागद, लागली ती चिकाटी.

आता ठरावाकडे येतो. पुढच्या सत्रापासून अकरावी-बारावीचे गणिताचे सर्व तास बाहेरच्या एका कोचिंग संस्थेकडे सोपवावेत, असा प्रस्ताव आहे. ती संस्था प्रवेशपरीक्षांच्या पद्धतीने फक्त बहुपर्यायी प्रश्नांचा सराव घेईल, वहीचे काम राहणार नाही. प्रस्तावामागची काळजी खोटी नाही. पालक फी भरतात, मुले प्रवेशपरीक्षेत मागे पडू नयेत असे त्यांना वाटते, आणि त्या परीक्षेत पायऱ्या कोणी तपासत नाही. मुले शाळा सोडून जातील ही विश्वस्तांची भीतीही खरी आहे. दोन वर्षांत आपल्या अकरावीची पटसंख्या घटली आहे, ते आम्ही रोज पाहतो.

आणि यात आम्ही स्वतः निर्दोष नाही. गेल्या वर्षी आम्हीच शिक्षकांना सांगितले होते की पायऱ्या तपासण्यात वेळ घालवू नका, उत्तर बरोबर असले की पुढे चला. त्याचा परिणाम या सहामाहीत दिसला. बारावीच्या चांगल्या मुलांपुढे आम्ही एक साधे अवकल समीकरण ठेवले, पर्याय न देता. अनेकांनी विचारले, "सर, ऑप्शन कुठे आहेत?" काहींनी उत्तर काढले, पण ते बरोबर आहे हे कशावरून, असे विचारताच ते गप्प झाले. उत्तर मूळ समीकरणात परत ठेवून पाहता येते, ही गोष्टच त्यांच्या हातून सुटली होती. मुले हुशार आहेत. ताळा आम्ही बंद केला.

कोणी म्हणेल, तंतोतंत उकलीचे एवढे कौतुक कशाला? आजकाल सगळे संगणक करतो. यात तथ्य आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. दोन कृष्णविवरे एकमेकांभोवती फिरून एकरूप होतात, याची तंतोतंत उकल कोणाकडे नाही. २००५ साली संगणकाने ती गणिते पहिल्यांदा नीट तडीस नेली आणि २०१५ च्या सप्टेंबरात तशाच टकरीच्या गुरुत्वीय लहरी अमेरिकेतील लायगोच्या यंत्रांनी टिपल्या. पण संगणकाचा कार्यक्रम बरोबर चालतो की नाही, हे कसे ओळखायचे? त्याला आधी श्वार्ट्सशिल्डचे, १९६३ साली रॉय केरने काढलेले फिरत्या कृष्णविवराचे, अशी उत्तर ठाऊक असलेली गणिते घालून पाहतात. म्हणजे संगणकाचाही ताळा शेवटी माणसाने कागदावर काढलेल्या उकलीशीच जुळवावा लागतो.

दुसरा आक्षेप उपयोगाचा. याही बाबतीत प्रामाणिक राहायला हवे. अशा शेकडो उकली आहेत. त्यांची नोंद करणारा जाडजूड ग्रंथ १९८० मध्ये निघाला, २००३ मध्ये त्याची दुसरी आवृत्ती आली. त्यांतल्या बहुतेकींचा आज काही उपयोग नाही. चुंबकीय बलरेषांची मोळी स्वतःच्याच गुरुत्वाने बांधून राहिलेली, अशीही एक उकल १९५४ मध्ये बॉनरने आणि १९६४ मध्ये मेल्व्हिनने काढली. असे विश्व कोणी पाहिलेले नाही. पण केरची उकल निघाली तेव्हा तिच्यासारखी वस्तू आकाशात असल्याची खात्री तरी कोणाला होती? २०१९ मध्ये एम ८७ दीर्घिकेतल्या कृष्णविवराची प्रतिमा जगाने पाहिली, तिचा अर्थ लावताना केरचीच उकल हाताशी होती. कोणते गणित कधी उपयोगी पडेल हे सोडवणाऱ्याला सांगता येत नाही. त्याच्या हातात एवढेच असते की ते पूर्ण सोडवून ठेवावे.

आमच्या मुलांपैकी किती जण सापेक्षतेवर काम करतील? कदाचित एकही नाही. पण आपल्या शेजारच्या महाराष्ट्रात, हिंगोली जिल्ह्यात, लायगोची भारतीय वेधशाळा उभी राहणार आहे. केंद्र सरकारने २०२३ मध्ये तिला मंजुरी दिली आहे. तिथे अभियंते, तंत्रज्ञ, संगणकवाले सगळे लागतील. आणि तिथे न जाता कोणी बँकेत बसला, औषधाचे दुकान काढले, घराचा नकाशा केला, तरी स्वतःच्या कामाचा ताळा स्वतः पाहण्याची सवय त्याला जन्मभर पुरेल.

म्हणून विश्वस्त मंडळाला आमची नम्र विनंती आहे. कोचिंग संस्थेला आमचा सरसकट विरोध नाही. सरावाचे तास जरूर द्यावेत. मात्र आठवड्यातले दोन तास शाळेच्या शिक्षकांकडे राहावेत. त्या तासांत एकच गणित घ्यायचे, पर्यायांशिवाय, शेवटपर्यंत, वहीत, ताळ्यासह. या दोन तासांसाठी वेगळा खर्च नाही. आम्ही स्वतः त्यातला एक तास घेऊ. वर्षभराने निकाल पाहावा. मुलांचे नुकसान झाले असे दिसले तर हे तास बंद करण्याचा प्रस्ताव आम्हीच मांडू.

पालकांना विनंती एवढीच की मुलाने वही उघडली की "हे परीक्षेत येणार का?" हा प्रश्न लगेच विचारू नये. तो आम्ही विचारला, त्याचे काय झाले ते वर लिहिलेच आहे. त्याऐवजी "ताळा पाहिलास का?" असे विचारावे. त्यासाठी पालकांना स्वतः गणित येण्याची गरज नाही.

आणि विद्यार्थी मित्रहो, जिन्याजवळच्या भिंतीवर आम्ही एक जुना फळा लावून घेतला आहे. त्यावर दर सोमवारी एक गणित असेल, मराठीत आणि हिंदीत. ते सुटेपर्यंत पुसले जाणार नाही, मग त्याला एक दिवस लागो की एक महिना. कोणत्याही भाषेत सोडवा, फक्त ताळा द्या.

पहिले गणित फुग्याचे आहे. त्या मुलीला आम्ही कार्यालयात बोलावून वर्गात चुकीचे उत्तर दिल्याबद्दल क्षमा मागितली आणि आमच्या वहीतली उकल दाखवली. तिने ती दोनदा वाचली, आमच्याच टेबलावरची पेन्सिल उचलली आणि विचारले, "सर, इथे हा दोन कुठून आला?"

तो दोन बरोबर होता. पण तो कुठून आला हे सांगायला आम्हाला पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरुवात करावी लागली.

आपले,
प्राचार्य